गाण्याच्या सुरुवातीला वेळकाढूपणा म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य पॉप-रॉक गाण्यांवर लेख आलेला पाहून आनंद झाला, पण तो लेख वाचून संपेपर्यंत टिकला नाही. लेखकाचे म्हणणे असे, की जुन्या गाण्यांच्या सुरुवातीचे लांबलचक तुकडे हा निव्वळ वेळकाढूपणा होता आणि हल्लीची मुले ते पुढे सरकवून थेट गाण्यावर येतात यात काही गैर नाही. म्हणजे सुरुवात ही गाण्याबाहेरची गोष्ट झाली! ती तशी नाही, हे मी माझ्या रोजच्या कामावरून सांगू शकते.

मी गिटार शिकवते. नवीन मुलगा किंवा मुलगी आली की आधी विचारते, काय वाजवायचंय? आजवर कुणी मला कडव्याचे नाव घेतलेले नाही. सगळ्यांना सुरुवात हवी असते. कित्येकांना गाण्याचे नाव ठाऊक नसते, कुणी म्हटलेय तेही नसते. तोंडाने 'ढ्यँ ढ्यँ ढ्यँ' करून दाखवतात आणि मला कळते की डीप पर्पलचे 'स्मोक ऑन द वॉटर' (1972) हवे आहे.

4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू इथे फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली, कॅसिनो जळाला आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. गाण्याचे शब्द त्या आगीबद्दल आहेत. मुलांना आगीशी कर्तव्य नसते. त्यांना बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याचा तो चार बारांचा (बार म्हणजे तालाचा एक फेरा) रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पाहिजे असतो, आणि बहुतेक जण तो चुकीचा शिकून आलेले असतात. जाड पॉवर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) धरतात आणि पिकने, म्हणजे तारा छेडायच्या पट्टीने, खाली ओढतात. ब्लॅकमोर शेजारशेजारच्या दोनच तारा वाजवतो, सा आणि म यांच्यात असते तेवढ्या अंतरावरच्या, आणि त्याही पिक न घेता बोटांनी उचलतो. पिकने ओढले की एक तार आधी वाजते, दुसरी केसभर मागून येते. अंगठा आणि तर्जनीने एकदम उचलल्या की दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. तोंडी सांगून हे कुणालाच पटत नाही. हात धरून करून घेतले की मुलगा दचकून मान वर करतो, कारण रेकॉर्डवरचा आवाज आत्ता त्याच्याच गिटारमधून आलेला असतो.

लेखकाच्या नजरेतून नेमके हेच सुटले आहे असे मला वाटते. रॉकमधली चांगली सुरुवात ही चाल कमी आणि आवाज जास्त असते. ती कागदावर लिहून ठेवता येत नाही. (आलापाशी तुलना करायचा मोह होईल, पण ती इथे लागू पडत नाही. आलापात राग सावकाश उलगडतो. इथे पुष्कळदा काहीही उलगडत नाही, सगळे एकदम अंगावर येते.)

याचे सगळ्यात टोकाचे उदाहरण म्हणजे बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'चा पहिला कॉर्ड. 16 एप्रिल 1964 ला तो ध्वनिमुद्रित झाला. याच गाण्याने त्याच नावाचा सिनेमा आणि रेकॉर्ड दोन्ही सुरू होणार होते, त्यामुळे दणदणीत काहीतरी हवे होते. जॉर्ज हॅरिसनची बारा तारांची रिकनबॅकर गिटार, लेननची सहा तारांची, मॅकार्टनीचा बेस, आणि या सगळ्याखाली निर्माता जॉर्ज मार्टिनचा पियानो. तो कॉर्ड नक्की कोणता, यावर लोक अनेक वर्षे भांडले. खुद्द हॅरिसनने पुढे सांगितले की त्याच्या गिटारवर एफ कॉर्ड होता आणि वर जी हा सूर. तरी भांडण मिटले नाही, कारण बाकीच्यांनी काय वाजवले तो प्रश्न उरलाच. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या जेसन ब्राउन या गणितज्ञाने तर त्या आवाजाचे फूरिए पद्धतीने गणित मांडून त्यातला एकेक सूर वेगळा काढायचा प्रयत्न केला. वर्गात मी तो कॉर्ड वाजवते तेव्हा मुले म्हणतात, 'हो मॅडम, तसाच आहे, पण तो नाही.' बरोबर आहे त्यांचे. एका गिटारवर तो निघतच नाही. तीनेक सेकंदांचा कारभार आहे सगळा. याला वेळकाढूपणा म्हणणार का?

तेव्हा भांडण लांबीचे नाहीच. बीटल्सचेच 'कान्ट बाय मी लव्ह' त्याच वर्षीचे आहे आणि ते आधी काहीही न वाजवता ध्रुवपदावरच सुरू होते. ही सूचना मार्टिनची होती. क्वीनचे 'बोहेमियन रॅप्सडी' (1975) नुसत्या गळ्यांनी सुरू होते. पुढचे गाणे त्या पहिल्या आवाजावर उभे राहते का, एवढेच बघायचे.

आता थोडे अपघातांविषयी. 'आय फील फाइन' (पुन्हा 1964, काय वर्ष होते ते) सुरू होताना एक सूर घुमत घुमत वाढत जातो. लेननची गिटार अ‍ॅम्पला टेकवून ठेवली होती, मॅकार्टनीने बेसवर सूर छेडला आणि ती गिटार आपोआप कण्हायला लागली. दुसऱ्या कुणी अ‍ॅम्प बंद केला असता. यांनी विचारले, हे रेकॉर्डवर घेता येईल का? रोनेट्सच्या 'बी माय बेबी'ची (1963) ड्रमवरची सुरुवात, 'धुम, धु-धुम, ठाक', नंतर इतक्या जणांनी उचलली की ती आता कुणाच्याच मालकीची राहिलेली नाही. ड्रमर हॅल ब्लेन सांगत असे की दुसऱ्या मात्रेवरचा स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) हातून चुकून राहिला, मग तसेच रेटले आणि चौथ्या मात्रेवरच मारत गेलो. बॉब डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'ला (1965) तर स्नेअरचा एकच फटका आहे. गाणे सहा मिनिटांचे, दार उघडायला एक फटका.

रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ची (1965) गोष्ट मला सगळ्यांत आवडते. कीथ रिचर्ड्सने रात्री झोपेच्या गुंगीत तो रिफ कॅसेटवर वाजवून ठेवला. सकाळी ऐकले तर आधी थोडी गिटार आणि नंतर टेप संपेपर्यंत घोरणे. इथपर्यंतची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी माहीत असते. रिचर्ड्सच्या डोक्यात तो रिफ गिटारसाठी नव्हताच, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यासाठी होता. फझ पेडल (आवाज खरखरीत करणारे, पायाने चालवायचे यंत्र) लावून वाजवलेला तो खरखरीत आवाज म्हणजे पुढे ताफा काय वाजवेल याची नुसती खूण होती. बाकीच्यांनी रेकॉर्ड तशीच बाजारात काढायची ठरवली आणि कच्चा आवाजच पक्का झाला. रिचर्ड्सच्या मनात काय होते ते ऐकायचे असेल तर त्याच वर्षीची ओटिस रेडिंगची आवृत्ती ऐकावी. तिथे ताफा आहे. उत्तम आहे. पण कुणीही माझ्याकडे येऊन तो रिफ ट्रम्पेटसारखा शिकव म्हणत नाही. सगळ्यांना ती खरखरच पाहिजे असते.

कधी सुरुवात वाचवायला भांडावे लागते. मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ची सुरुवात निर्माता क्विन्सी जोन्सला फार लांब वाटत होती, कापू म्हणाला. जॅक्सन म्हणाला, ती ऐकूनच मला नाचावेसे वाटते. झाले, राहिली. पहिला शब्द यायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात काय होते ते मी मुलांना ओळीने ऐकायला लावते. दोन बार नुसते ड्रम. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, हायहॅट (झांजांची जोडी), बाकी काही नाही. मग लुई जॉन्सनचा बेस, चालत्या पावलांसारखा. मग सिंथेसायझरचे चार कॉर्ड, तेही मात्रेवर न पडता जरासे आजूबाजूला. आवाज लागायच्या आधीच सगळे सामान मांडून झालेले असते, त्यामुळे जॅक्सनला ओरडावे लागत नाही, तो जवळजवळ कुजबुजत शिरतो. आणि ते ड्रम सहज तसे वाजलेले नाहीत. वाजवणारा एन्डुगू चॅन्सलर, ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडिन. स्वेडिनने किक ड्रमला घालायला खास आवरण शिवून घेतले होते, आजूबाजूचा आवाज त्यात मिसळू नये म्हणून. गाण्याची 91 मिक्स (सगळे आवाज एकत्र बसवून केलेल्या आवृत्त्या) झाली आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचे घेतले. एवढा खटाटोप ज्यासाठी केला, ते बोटाने सरकवून टाकायचे?

सरकवले तर नुकसान काय, हे पिंक फ्लॉइडच्या 'मनी'वरून (1973) रोकडे दिसते. नाणी, गल्ल्याची घंटा, फाटणारा कागद, असे आवाज टेपवर घेऊन, टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून त्यांनी एक फिरते वेटोळे केले. त्यात सात ठोके आहेत. रूपक ताल ऐकून कान तयार असलेल्याला सात मात्रांचे कौतुक वाटणार नाही, पण तबल्याऐवजी गल्ल्याने ठेका धरल्याचे वाटेल. तो खुळखुळाट हा या गाण्याचा ताल आहे. तो कानात बसल्यावर बेस येतो आणि श्रोत्याला सात मात्रा मोजाव्या लागत नाहीत. मधून शिरलेला माणूस पुढे अडखळतो, टाळी कुठे द्यायची ते त्याला कळत नाही, आणि मग म्हणतो गाणे विचित्र आहे.

तसेच ईगल्सचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' (1976). डॉन फेल्डरची बारा तारांची गिटार, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या सातव्या पट्टीवर, गाणे बी मायनरमध्ये. आठ कॉर्डांची एक साखळी, ती दोनदा होते, मग ड्रम, मग शब्द. कडवे त्याच आठ कॉर्डांवर आहे. गाण्याच्या शेवटी फेल्डर आणि जो वॉल्श यांची जी सोलोची जुगलबंदी रंगते, तीही त्याच आठांवर. म्हणजे सुरुवातीला अख्ख्या गाण्याचा नकाशा हातात दिलेला असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने एका स्पर्धेत हे निवडले होते. कॅपो लावून, एकेक तार स्वच्छ सोडत ती वाजवत होती. साखळीचा दुसरा फेरा सुरू झाला आणि परीक्षकांनी हात वर करून सांगितले, 'छान, आता गाण्यावर या.' मुलगी गोंधळली, मधूनच कडव्यावर उडी मारली आणि लय गेली ती गेलीच. नंतर शेरा मिळाला की लयीवर काम करावे. परीक्षकांवरचा राग आता राहिलेला नाही, पण आपला लेख वाचताना ते वाक्य पुन्हा कानात वाजले खरे.

लेखकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वारा, गडगडाट, लांबून येणारी घंटा आणि मिनिटभराने गिटार, असे गाणे हेवी मेटलवाल्यांनी पुढे इतक्यांदा केले की मीसुद्धा पुढे सरकवते. पण मूळ बघा. एसी/डीसीच्या 'हेल्स बेल्स'ची (1980) घंटा. फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रेकॉर्डचा पहिला आवाज म्हणजे ही घंटा. इंग्लंडमधल्या लफबरोच्या ओतशाळेत 2000 पौंड वजनाची खरी घंटा ओतून घेतली होती. तिथे टोले संथ आहेत आणि संथच हवेत. नक्कल करणाऱ्यांनी संथपणा उचलला, कारण मागे ठेवले.

लांब सुरुवातीही आहेतच. पिंक फ्लॉइडच्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये (1975) माणसाचा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात, आणि मध्ये गिटारवादक गिल्मरचे ते चार सूर येतात तेव्हा माझ्या वर्गातली सगळ्यांत वळवळी मुलेही गप्प होतात. यू टूच्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'मध्ये (1987) ऑर्गन दुरून येतो आणि एजची गिटार डिले पेडलच्या प्रतिध्वनीशी खेळत राहते. ते पेडल नसेल तर कितीही जलद हात चालवा, निम्मेच सूर निघतात. द हूच्या 'बाबा ओ'रायली'ची (1971) सुरुवात सिंथेसायझरची आहे असे सगळे धरून चालतात. ती पीट टाउनशेंडने लोव्हरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर, त्यातला मरिंबा रिपीट नावाचा खटका दाबून वाजवलेली आहे. आणि नावातले 'बाबा' म्हणजे आपले नगरचे मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांचा अनुयायी. 'रायली' हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली. हे कळले की त्या फिरत राहणाऱ्या सुरांकडे जरा वेगळ्या कानाने बघितले जाते, निदान मी तरी बघते.

आता कात्री कुणी लावली ते. सगळे खापर आजच्या मुलांवर फोडू नये. रेडिओ केंद्रांना पाठवायच्या रेकॉर्डच्या लेबलवर सुरुवात किती सेकंदांची आहे ते पूर्वीपासून छापलेले असे, कारण निवेदकाला शब्द येईपर्यंत त्यावर बोलायचे असे. सुरुवात म्हणजे बडबडीची जागा, हा समज तिथला. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ह्युबर्ट लेव्हेये गोव्हॅँ या संशोधकाने 1986 ते 2015 मधली पहिल्या दहांत पोचलेली 303 गाणी तपासली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सुरुवात सरासरी वीस सेकंदांहून जास्त होती, ती 2015 पर्यंत पाचेक सेकंदांवर आली होती. त्याचे स्पष्टीकरण साधे आहे: एका बोटाने गाणे बदलता येते, तर गाणाऱ्याला आधी बोलून टाकावे लागते. त्यात स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकणे मोजले जाते. 'बिली जीन'चा पहिला शब्द या हिशेबात काठावर येतो. असा हिशेब समोर ठेवून गाणे रचणाऱ्याला मी दोष देणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण हिशेबाला अभिरुची म्हणून वाचकांपुढे ठेवू नये.

शिवाय लोकांना सुरुवात नको आहे, हेच मुळात खरे नाही. व्हाइट स्ट्राइप्सचे 'सेव्हन नेशन आर्मी' (2003) घ्या. त्यातल्या सात सुरांच्या सुरुवातीला सगळे बेस समजतात. या जोडीत बेस वाजवणारा नव्हताच. जॅक व्हाइटने साध्या गिटारचा आवाज पेडलने एक सप्तक खाली आणला आहे. आज युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांत हजारो माणसे एका सुरात जे 'ओऽ ओ ओ ओ ओ ओऽ ओऽ' करतात, ते हेच. त्यातल्या कितीतरी जणांना गाण्याचा एक शब्द सांगता येणार नाही. शब्द गळून गेले आणि सुरुवात तेवढी राहिली. लेखकाच्या हिशेबाने जे टाकाऊ, तेवढेच.

म्हणून विनंती अशी. लेखाच्या शेवटी पुढच्या भागात आणखी गाणी घेऊ असे म्हटले आहे. जरूर घ्यावीत, आणि त्यात एखादा भाग सुरुवातींना द्यावा. निर्वाणाचे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आणि स्टीव्ही वंडरचे 'सुपरस्टिशन' मी वर घेतले नाही, ते लेखकासाठी सोडते. 'सुपरस्टिशन'च्या सुरुवातीचे ड्रमही स्टीव्हीनेच वाजवलेत, हे मात्र लिहायला विसरू नये. आणि लेखासोबत गाणी ऐकण्यासाठी क्यूआर कोड छापता, ही सोय चांगली आहे, पण या वेळचे काही कोड उघडले की गाणे मधूनच, ध्रुवपदावर सुरू होते. दुवे शून्य सेकंदापासूनचे द्यावेत. त्यात आपला काही जादा कागद लागणार नाही.

आपली,
एक वाचक (गिटार शिक्षिका)